वार्धक्यास स्थगितीची विनंती

प्रति,
वार्धक्य,
मुक्काम : भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर, हे सर्व तालुके.

विषय : भंडारा जिल्ह्यातील वार्धक्यावर संशोधन करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळेपर्यंत वय वाढवण्याचे काम तहकूब ठेवण्याबाबत.

वार्धक्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला पैसे मिळण्याच्या वाटा आहेत, नाहीत असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय पदव्युत्तर शिष्यवृत्ती महिन्याला 15,000 रुपये देते, तीही वर्षातले 10 महिने. जागा देशभरात मिळून 10,000. पुढे पीएच.डी.साठी नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळवता येते. तिची रक्कम जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये झाली असून दोन वर्षांनी ती 42,000 होते. राज्यात बार्टी, सारथी, आदिवासी संशोधन संस्था आणि नागपूरची महाज्योती आपापल्या गटातील विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. शिवाय महाडीबीटी संकेतस्थळावर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज आहेच. त्यासाठी आधार जोडलेले बँक खाते, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि संयम लागतो. या योजना विद्यार्थ्याचे गुण, गट, उत्पन्न किंवा वय तपासतात. वार्धक्य या विषयासाठी राखून ठेवलेली जागा यांपैकी कोणत्याही योजनेत नाही. नेटच्या विषययादीत प्रौढ शिक्षणाला स्वतंत्र स्थान आहे, वार्धक्यशास्त्राला नाही. प्रौढाला शिकवता येते. तो म्हातारा झाला की अभ्यासक्रमाबाहेर जातो.

वयाची अट विशेष नोंद घेण्याजोगी आहे. पदव्युत्तर शिष्यवृत्ती आणि जेआरएफ या दोन्हींना तिशीची मर्यादा आहे. जेआरएफसाठी महिलांना व राखीव गटांना पाच वर्षांची सूट मिळते. साठीच्या निवृत्त शिक्षिकेने आपल्याच वयाच्या बायकांचा अभ्यास करायचे मनावर घेतले, तर तिला नेट देता येते, सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेचे प्रमाणपत्रही मिळते. पैसे तेवढे मिळत नाहीत. वार्धक्य समजून घेण्याचे काम तरुणपणीच उरकावे, असा यामागे विचार असावा.

वार्धक्य नेमके कोणत्या वयाला सुरू होते, याबाबतही शासनदरबारी एकवाक्यता नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा 60 वर्षे धरतो, श्रावणबाळ योजना 65, आणि एसटीचा मोफत प्रवास ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील लोकांना आहे. लाखांदूरच्या एखाद्या शेतमजुराला त्यामुळे पंधरा वर्षे हप्त्याहप्त्याने म्हातारे व्हावे लागते.

आकड्यांची स्थिती याहून सोयीची आहे. 2011 च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या 12,00,334 होती. त्याच जनगणनेनुसार देशात साठीपुढचे लोक 8.6 टक्के, महाराष्ट्रात 9.9 टक्के. 2021 ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे 2011 नंतर जिल्ह्यात कोणी म्हातारे झाल्याची अधिकृत नोंद नाही. त्या वेळी पन्नाशीत असलेली माणसे कागदावर अजून पन्नाशीतच आहेत. देशातील सर्वांत मोठी वार्धक्य पाहणी, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने समन्वय केलेली ‘लासी’, हिने 2017-18 मध्ये 45 वर्षांवरील 72 हजारांहून अधिक लोकांना गाठले. काम चोख आहे, पण तिचे निष्कर्ष देश आणि राज्य या पातळीपर्यंतच लागू पडतात. भंडाऱ्यापुरते काही हवे असल्यास कोणीतरी गावोगाव हिंडून विचारणे भाग आहे.

आणि विचारण्याजोगे पुष्कळ आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास मज्जासंस्थेवर परिणाम होतो आणि त्याची लक्षणे पार्किन्सनच्या आजाराशी मिळतीजुळती दिसतात, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. निवृत्त खाणकामगाराची चाल अडखळू लागली, तर ते वय म्हणायचे की खाण, हा एका प्रबंधाला पुरून उरणारा प्रश्न आहे. धानाच्या बांधीत चाळीस-चाळीस पावसाळे वाकून रोवणी केलेल्या बायकांची कंबर आणि गुडघे हा दुसरा. मोहाडी, आंधळगावच्या कोसा विणकरांची नजर, विड्या वळून हयात घालवलेल्यांच्या हाती उतारवयात पडणारे पैसे, हत्तीपायाने सुजलेला पाय घेऊन जगणाऱ्यांची म्हातारपणीची हालचाल, मुले नागपूरला गेल्यावर मागे उरलेली दोघांची घरे, यांवरही लिहिता येईल. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन एप्रिल 1988 मध्ये झाले. त्या दिवशी पंचविशीत असलेला बुडीत गावातला माणूस आज साठी ओलांडून गेला आहे. गाव, शेत आणि शेजार बदलल्यावर म्हातारपण कसे जाते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण त्याला विचारण्याची मुदत अमर्याद नाही.

हे सर्व करू शकणारे विद्यार्थी जिल्ह्यातच आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प आला आहे आणि त्याला श्रेयांक आहेत. मात्र श्रेयांक दाखवून वाहक तिकीट देत नाही. पंचाहत्तरीची आजी पवनीहून तुमसरला फुकट जाते आणि तिची मुलाखत घ्यायला निघालेला विद्यार्थी पूर्ण भाडे भरतो; मार्च 2023 पासून विद्यार्थिनीला अर्धे पडते, एवढाच दिलासा. विद्यार्थी पास घर ते कॉलेज एवढ्यापुरताच असतो, म्हातारे लोक मात्र त्या रस्त्यावर राहतातच असे नाही.

मंजूर झालेली रक्कमही वेळेवर येतेच असे नाही. अधिछात्रवृत्ती नोंदणीच्या तारखेपासून आणि पूर्ण मिळावी, यासाठी राज्यातील संशोधक विद्यार्थ्यांना वारंवार आंदोलने करावी लागली आहेत. डिसेंबर 2023 मध्ये नागपूर अधिवेशनात, विधान परिषदेत, पीएच.डी. करून काय दिवे लावणार असा प्रश्नही विचारला गेला. प्रबंध ज्यांच्यावर लिहायचा ते ऐंशीचे होतात आणि लिहिणारा तिशी ओलांडून अपात्र ठरतो, अशा वेळी या प्रश्नाचे उत्तर देणे खरोखरच अवघड जाते.

सबब वार्धक्याने संशोधकांचे पैसे जमा होईपर्यंत सातही तालुक्यांतील आपले काम तहकूब ठेवावे. ते शक्य नसल्यास तसे लेखी कळवावे. त्या परिस्थितीत जिल्हा वार्षिक योजनेतील नावीन्यपूर्ण कामांच्या तरतुदीतून दोन सत्रांचा प्रवास, छपाई आणि दुपारच्या जेवणाचा खर्च देण्याचा प्रस्ताव विचारात घेता येईल. रक्कम इतकी किरकोळ आहे की तिच्यासाठी वेगळी समिती नेमण्याचीही गरज भासू नये. खाणी, बांध्या आणि बुडीत गावे यांना प्राधान्य द्यावे. वयाची अट विद्यार्थ्याला न लावता विषयाला लावावी.

प्रत माहितीस्तव : विभाग नियंत्रक, एसटी महामंडळ, भंडारा (संशोधकाच्या तिकिटाबाबत विचार व्हावा, ही विनंती).