टॅपेट वाजतात वाटतं!

नव्या मोटारसायकलचा आवाज निम्मा इंजिनाचा आणि निम्मा हप्त्यांचा असतो, असं माझं ठाम मत आहे. पुरावा हवा असेल तर पालीला यावं. कात्रज, नसरापूर, मार्गासनी, वाजेघर असा सगळा रस्ता शहाण्यासारखी आलेली गाडी राजगडाच्या पायथ्याशी, पाली दरवाजाच्या वाटेखाली उभी राहिली की एकाएकी टिकटिक करायला लागते. इंजिन तेच, ऑइल तेच. पण स्वारगेटला स्वतःचा हॉर्नही ऐकू येत नाही आणि इथे खाचरातला बगळा उडाला तरी कळतं. त्याच रस्त्याने दुधाचे कॅन लटकवून जाणाऱ्या जुन्या गाडीचा चेनकव्हरपासून मडगार्डपर्यंत एकूण एक पत्रा वाजत असतो. मालकाला त्यातलं काही ऐकू येत नाही. त्याचे हप्ते फिटलेले असतात.

टिकटिक खोटी असते असं मात्र नाही. थंड इंजिनात टॅपेटला मुद्दाम फट ठेवतात, लहान गाड्यांत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, कारण तापल्यावर धातू फुगतो. फट आली की आवाज आला. तो बंद करायला टॅपेट आवळून घेतले तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, गरम वायू निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. गाडी मात्र त्या काळात आदर्श गप्प असते. २०२० पासूनच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत इंजेक्टरचीही बारीक टकटक असते. गाडी बंद केल्यावरची टिंगटिंग तापलेला सायलेन्सर आकसल्याची. भोवती जमलेल्या मंडळींकडे या सगळ्यावर निदान एकच: ‘टॅपेट वाजतात वाटतं!’ सरकारी मर्यादाही इथे कामाची नाही. ८० ते १७५ सीसीच्या गाडीला ७७ डेसिबल, पण ते मोजतात साडेसात मीटरवरून. टाकीला कान लावून बसणारा मालक नियम करणाऱ्यांच्या कल्पनेत नव्हता.

क्लचचं दुखणं याहून नाजूक, कारण ते बोटांना कळतं आणि बोटं कुणाचं ऐकत नाहीत. प्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात, नव्या असताना त्यांना एकमेकींची सवय व्हायची असते. केबलही ताणून बसते, म्हणून परवा घट्ट वाटलेला लिव्हर आज सैल वाटतो. अशा वेळी लिव्हरची ढिलाई पार काढून टाकायचा मोह होतो. तसं केलं की प्लेटा पुऱ्या चिकटत नाहीत, घसरतात आणि जळतात. कारचं ‘भारीतलं’ ऑइल ओतणारे तर घर्षण कमी करणारी द्रव्यं आत सोडून क्लचचं कामच काढून घेतात.

‘म्हणजे डीलरचीच वकिली झाली. खरा दोष असला तर?’ असतो की! चढाला भार पडल्यावर खोलवरून ठकठक आली, आवाज आठवड्यागणिक वाढला, किंवा वरच्या गिअरमध्ये रेस वाढूनही वेग वाढेना, तर पहिल्या सर्व्हिसिंगची वाट न बघता गाडी न्यावी. तक्रार मात्र नेमकी लिहून द्यावी: इंजिन थंड की गरम, कितव्या गिअरला, चढाला की सपाटीला. नुसतं ‘कसातरीच वाजतोय’ म्हटलं की मेकॅनिक दोनदा रेस पिळतो, ‘रनिंगमध्ये बसेल’ म्हणतो आणि चहाला जातो. बहुतेक वेळा तो बरोबर निघतो, हे त्याच्याबद्दलचं सगळ्यात चीड आणणारं आहे.