धर्म? काही लिहू नका!

पोराचं नाव शाळेत घालायला आईबाप आले आहेत. बाप अन्वर रशीद, आई लक्ष्मीदेवी, पोरगा जीवन. मुख्याध्यापक रजिस्टर उघडून धर्म विचारतात. काही लिहू नका, म्हणे. जात? तीही नको. मग उद्या मोठेपणी याला धर्म हवासा वाटला तर? त्यावर आईबापांचं म्हणणं असं की, तेव्हाचं तो तेव्हा बघेल, आवडेल तो धर्म घेईल.

संपला धडा. केरळच्या सातवीच्या सामाजिक शास्त्राच्या पुस्तकातला, साल 2008. सर्वधर्मसमभाव शिकवावा, एवढाच त्याचा माफक हेतू. तो इतका सफल झाला की कॅथलिक चर्च, मुस्लिम लीग आणि हिंदू संघटना एका सुरात बोलू लागल्या. फक्त सूर असा होता की हा धडा काढा! एरवी एकमेकांच्या मिरवणुकीच्या मार्गावरून भांडणारे लोक सातवीच्या पुस्तकाने एका रांगेत उभे केले. राष्ट्रीय एकात्मतेच्या निबंधस्पर्धांना जे जमलं नाही, ते एका धड्याने केलं म्हणायचं. पुढे मात्र हसण्यासारखं काही नाही. पुस्तकं जाळली गेली. त्याच वर्षी जुलैत मलप्पुरम जिल्ह्यात शिक्षकांच्या बैठकीच्या ठिकाणी आंदोलक धडकले, मारहाण झाली आणि एका मुख्याध्यापकाचा जीव गेला.

विरोधकांची शंका अगदीच हवेतली नव्हती. सरकार डाव्यांचं. नास्तिकपणा मागच्या दाराने वर्गात आणताहेत, असं आईबापांना वाटलं तर नवल नाही. त्यात केरळला जुना इतिहास. कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रीपादांच्या शिक्षण विधेयकावरून पेटलेल्या आंदोलनाचा शेवट 31 जुलै 1959 रोजी त्यांचं सरकार बरखास्त होण्यात झाला होता. शिवाय सरकारी पुस्तकं सहिष्णुता शिकवतात तीही हुकूम सोडल्यासारखी: सहिष्णू व्हा, नाहीतर गुण कापू!

पण राग नेमका कशाचा आला? आंतरधर्मीय लग्न सिनेमात चालतं. रिकामा रकानाही एक वेळ खपला असता. झोंबलं ते शेवटचं उत्तर. पोरगा मोठा होऊन स्वतः ठरवणार म्हणजे काय? कॉलेज आम्ही ठरवायचं, बायको आम्ही बघायची आणि देव तेवढा याने निवडायचा?

हे फक्त केरळात घडतं असं समजून कुणी कॉलर ताठ करू नये. 2007 मध्ये आपल्या महाराष्ट्रात लैंगिक शिक्षणाच्या पुस्तकांवरून विधिमंडळात सगळ्या पक्षांना एकदम संस्कृती आठवली आणि सरकारने तो अभ्यासक्रमच बंद केला. आता तर अमेरिकाही रांगेत आहे. मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीच्या सरकारी शाळांत समलिंगी पात्रं असलेली गोष्टींची पुस्तकं आली, तेव्हा मुस्लिम, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन आईबाप मिळून कोर्टात गेले. जून 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. खटला चालू असेपर्यंत तरी शाळेने आधी कळवायचं आणि त्या तासाला त्यांच्या मुलांना बाहेर बसू द्यायचं. कोर्टातल्या न्यायमूर्तींनी शाळेचा व्हरांडा बहुधा बऱ्याच वर्षांत पाहिला नसावा. तासाला बाहेर बसवलेलं पोरगं मधल्या सुट्टीत पहिला प्रश्न विचारतं, "काय शिकवलं रे?" आणि आत बसलेला जे सांगतो, ते पुस्तकाच्या चौपट रंगीत असतं.

केरळ सरकारने शेवटी इतिहासकार के. एन. पणिक्कर यांची समिती नेमली. समितीने काही बदल सुचवले आणि वाद हळूहळू थंडावला.

या गदारोळात धड्याखालच्या स्वाध्यायाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. महागाई, पिण्याच्या पाण्याची टंचाई, साथीचे रोग, भूकंप: यांचा त्रास कोणत्या धर्माच्या लोकांना जास्त होतो, असं मुलांना विचारलं होतं. ज्या आईबापांना असल्या धड्यांची धास्ती वाटते, त्यांनी मोर्चाला निघण्याआधी हा एक प्रश्न पोराला शेजारी बसवून सोडवावा. टँकरच्या रांगेत उभ्याउभ्या सोडवला तरी चालेल.