तीन बाय तीनचा टोमॅटो

व्यापार मेळ्यात लहान उद्योजकाला मिळतो तो गाळा तीन मीटर बाय तीन मीटरचा. तीन बाजूंना पांढऱ्या फळ्या, वर नावाची पट्टी, आत एक टेबल, दोन खुर्च्या, दिवे, एक प्लग आणि कचऱ्याची टोपली. शेजारच्याला हेच, समोरच्यालाही हेच. "यात आपण उठून दिसणार कसे?" असं मावशीने विचारलं आणि घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मावशीचा रत्नागिरीजवळ कोकमाचा धंदा आहे. आमसुलं, आगळ, सरबत, टाचांच्या भेगांसाठी मुठेल. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडणं, सालींना रसाची पुटं देऊन त्या पुन्हा पुन्हा उन्हात घालणं, पावसाच्या आत सगळं आवरणं, यातलं काहीही मला येत नाही. साहजिकच जाहिरात खातं माझ्याकडे आलं. वाडीतल्या गणपतीला मी दर वर्षी देखावा सुचवतो, हा माझा अनुभव. दर वर्षी देखावा दुसऱ्याचाच होतो, हे मावशीला माहीत नाही.

मी म्हटलं, "अडीच फुटी रातांबा करू!"

आमच्या मूर्तिकाराने कामट्यांवर कागदाचा लगदा चढवून तो केला, आणि झकास केला. फक्त रातांब्याचा जांभळट लाल त्याच्याकडे नव्हता. गणपतीच्या शेल्याचा लाल उरला होता, तो त्याने लावला. वर हौसेने हिरवागार देठ काढला. खऱ्या रातांब्यालाही वर पाकळ्यांसारखा देठ असतो. तेव्हा शास्त्रीयदृष्ट्या माझी बाजू पक्की आहे, आणि ती मी आजही सोडलेली नाही.

रत्नागिरीला मंगला एक्स्प्रेस फार वेळ थांबत नाही. तेवढ्यात चार खोकी, मावशी आणि रातांबा आत घ्यायचा होता. रातांबा दारात अडकला. मागून एक गृहस्थ "डाळिंब तिरकं करा, डाळिंब!" असं ओरडले. तिरकं केलं, आलं. माझ्या बर्थवर तो निजला आणि मी मावशीच्या पायांशी बसून दिल्लीला निघालो. नाशिक रोडला चढलेल्या शेतकऱ्याने त्याला प्रेमाने थोपटून कांद्याचा भाव विचारला. सुट्टीवर निघालेल्या जवानाने कंदील म्हटलं. ग्वाल्हेरच्या पुढे मात्र डब्यात एकमत झालं: टमाटर. आग्र्याच्या आसपास खिडकीतून ताजमहाल दिसतो म्हणतात. माझ्या खिडकीत रातांबा होता.

प्रगती मैदानावरचा हा आंतरराष्ट्रीय मेळा १९८० पासून भरतो, सहसा १४ ते २७ नोव्हेंबर. पहिले काही दिवस व्यापाऱ्यांचे, मग आम जनता. शेजारी पुराना किल्ला आहे. त्या धुरकट हवेत तो आहे यावर विश्वास ठेवावा लागतो. डोळे चुरचुरत आम्ही महाराष्ट्राच्या दालनात शिरलो. एका बाजूला कोल्हापुरी चपला, दुसऱ्या बाजूला सोलापूरची शेंगाचटणी. रातांबा वर टांगायचा बेत होता. तिथे कळलं की फळ्यांना खिळा मारायचा नाही आणि वरून काही लोंबवायचंही नाही. तेव्हा तो टेबलावर बसला. टेबल संपलं. माल कचऱ्याच्या टोपलीशेजारी गेला. कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाल्याचा कागद मावशीने फ्रेम करून आणला होता, तो मागे झाकला गेला.

गर्दी सुरू झाली, आणि खरं सांगतो, आम्ही उठून दिसलो. लांबूनसुद्धा दिसलो.

"टमाटर का क्या बनाते हो? सॉस?"

"टमाटर नहीं, कोकम है."

"खोपरा?"

चालत्या माणसाला आपला तीन मीटरचा गाळा ओलांडायला तीन-चार सेकंद लागतात. तेवढ्यात त्याला वस्तू काय, कशाला आणि केवढ्याला, हे कळलं तर तो थांबतो. आमचे ते सेकंद 'टमाटर नहीं' म्हणण्यातच जात होते. लहान मुलं रातांब्याला मिठी मारून फोटो काढत, आईबाप "टमाटर को छोड़ो बेटा" म्हणत, आणि सगळे मिळून शेंगाचटणी घेत.

मग मावशीने सोलकढी काढली. लॉजवर पहाटे उठून, नारळ खरवडून केलेली, लसूण-मिरची लावलेली, सुरेख गुलाबी. गुलाबी पेय दिल्लीला माहीत आहे. ते गोड असतं आणि त्याला गुलाबाचा वास येतो. एका तरुणाने "अरे वा, रोज मिल्क!" म्हणत पेला एका दमात रिकामा केला. लसूण त्याच्यापर्यंत पोचायला क्षणभर लागला. त्याच्या चेहऱ्यावरून जे काही गेलं ते पाहून मागची रांग आपोआप मोकळी झाली.

वर थंडी. खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली गोठतं. पिंपातल्या कढीवर पांढरा थर धरला तशी मावशी कासावीस झाली. तेवढ्यात एक सरदारजी वाकून बघत म्हणाले, "मलाई है? तो मलाई मार के देना." पाठोपाठ सगळ्यांना मलाई हवी झाली. ज्या गोष्टीने मावशीची मान खाली गेली होती, तिच्यासाठी रांग लागली. मावशी मलाई वाढत होती आणि मराठीत दिल्लीचा उद्धार करत होती.

त्या रांगेत एक म्हाताऱ्या बाई होत्या. स्वेटर, त्यावर शाल, पायांत मोजे. त्यांनी ना टोमॅटोकडे पाहिलं, ना मलाई मागितली. पेला घेऊन बाजूला उभ्या राहिल्या, हळूहळू प्यायल्या आणि म्हणाल्या, "आगळ वायच कमी पडला गो."

एवढ्या दिवसांत आमच्या मालाला कुणी बरोबर नाव ठेवलं नव्हतं. मावशीने हातातली पळी खाली ठेवली. बाई वेंगुर्ल्याच्या. लग्न होऊन आल्या, यजमानांची सरकारी नोकरी, मग मुलाची; आता वेंगुर्ल्याला घर नाही, नुसता पत्ता आहे. मावशीने त्यांना माझी खुर्ची दिली, दुसरा पेला भरला, त्यात आगळ जास्त घातलं. दोघी रातांब्याबद्दल बोलत बसल्या. रोपाला फुलं येईपर्यंत झाड नर की मादी ते कळत नाही, सात-आठ वर्षं पाणी घालायचं आणि नर निघाला की कपाळाला हात, असं काहीतरी. दोघींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण मध्ये बोलायची माझी छाती झाली नाही.

शेवटच्या संध्याकाळी रातांबा परत कसा न्यायचा यावर आमचं कडाक्याचं भांडण चालू होतं. आझादपूरच्या भाजी मंडईतला एक आडत्या थेट टेबलापाशी आला.

"ये टमाटर बेचोगे? दुकान पे लगाऊंगा."

मी "कोकम" म्हणायला तोंड उघडलं. मावशीने माझा पाय दाबला. "असली टमाटर है," ती म्हणाली, "दो हज़ार." दीड हजारावर सौदा ठरला. आडत्याने नोटा मोजल्या, तशी मावशीने आमसुलांची दोन पाकिटं पुढे सरकवली. म्हणाली, "दाल में डालो. फिर टमाटर की ज़रूरत नहीं."

तो पाकिटाकडे बघत राहिला. "आंटी, मेरा ही धंधा बंद कराओगी?"

"दो का सौ," मावशी म्हणाली.

त्याने चार घेतली.