एका ओळीचं काम

निवृत्त माणसाला दोन महिन्यांत घरातली एखादी तरी व्यवस्था मोडकळीला आलेली दिसू लागते. मला दुधाचा हिशेब दिसला. रोजचा दीड लिटरचा रतीब, मधले खाडे, पाहुण्यांसाठी वाढवलेलं दूध, आणि महिनाअखेरीला फाटकापाशी गवळी आणि आमची ही यांच्यात होणारी दोन मिनिटांची वाटाघाट. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाच्या घरी असा तोंडी कारभार! पुढच्या महिन्यापासून दूध संगणकावर येईल, असं मी जाहीर केलं. "मग पातेलं कुठे धरू?" असं हिने विचारलं. त्याकडे मी दुर्लक्ष केलं.

मला रंगीबेरंगी काही नको होतं. 1984 साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे बँकांत लेजर पोस्टिंग मशिनं बसू लागली, त्या पिढीचा मी. काळा पडदा, हिरवी अक्षरं, रेघांची चौकट, बाणाच्या बटणाने वर-खाली. कीबोर्डावरून हात उचलायला नको, आणि मधेच "आपल्याला हेही आवडेल" असं काही उगवायचं नाही. दुधासाठी मला तसाच पडदा हवा होता. भाचा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला फोन लावला.

"मामा, मग एनकर्सेस घ्या. टर्मिनलवर चौकटी, मेनू, रंग, सगळं देते ती लायब्ररी. सी तर तुम्ही शिकलायच. इन्स्टॉल करणं म्हणजे एका ओळीचं काम!"

"एका ओळीचं काम" हे वाक्य "पाच मिनिटांत पोचतोय", "साहेब आत्ताच जेवायला गेलेत" आणि "कोपऱ्यावरच आहे, चालत जाल" यांच्या सख्ख्या भावकीतलं आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

नाव ऐकूनच खरं तर सावध व्हायला हवं होतं. कर्सेस म्हणजे शाप. आधीचा एन म्हणजे न्यू. नवे शाप! आपल्याकडे मुलाचं नाव ठेवताना बारा जणांना विचारतात. या लोकांनी लायब्ररीचं बारसं कोटी करून उरकलं. मूळ कर्सेस लिहिली केन आर्नल्ड याने, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला, 1980 च्या सुमारास. बिल जॉयने व्हीआय नावाचा एडिटर लिहिताना पडद्यावर कर्सर फिरवण्याच्या ज्या युक्त्या केल्या होत्या, त्या आर्नल्डने उचलल्या आणि सगळ्यांना वापरता येतील अशा मांडून ठेवल्या. कर्सरची फुकटची पायपीट वाचवायची, म्हणजे कर्सर ऑप्टिमायझेशन, त्यावरून कर्सेस.

पायपीट वाचवणं तेव्हा चैनीचं नव्हतं. टर्मिनल फोनच्या तारेवरून जोडलेलं असलं आणि मोडेम 300 बॉडचा असला, तर सेकंदाला तीसेक अक्षरं जायची. पडदा 24 ओळींचा, ओळ 80 अक्षरांची. एकूण घरं 1920. सगळा पडदा एकदा भरायला 64 सेकंद. एक आकडा बदलला म्हणून पुन्हा 64 सेकंद कोण थांबणार? म्हणून कर्सेस दोन पडदे मनात धरते: एक आत्ता दिसतोय तो, दुसरा दिसायला हवा तो. दोन्ही ताडून पाहते आणि जेवढं बदललं तेवढंच पाठवते. रोग नावाचा भुयारातला खेळ याच जोरावर चालला. त्यातला वीर म्हणजे ॲटचं चिन्ह आणि राक्षस म्हणजे इंग्रजी कॅपिटल अक्षरं. विद्यापीठातली पोरं रात्र रात्र त्या अक्षरांच्या हातून मरत असत.

पुढे 1982 साली पावेल कर्टिसने आपली आवृत्ती लिहिली, तिच्यातून 1993 साली एनकर्सेस आली, आणि 1996 पासून थॉमस डिकी हे गृहस्थ ती सांभाळताहेत. आपल्याकडे एक माणूस एका टेबलावर इतकी वर्षं राहिला तर चौकशी लागते. इथे तो राहिला म्हणून बाकीच्यांची टेबलं उभी आहेत.

असो. ओळ लिहायला बसलो.

ओळीची सुरुवात "सुडो"ने होते. सुडो म्हणजे आपल्याच मशिनवर आपण मालक आहोत हे सिद्ध करण्याचा अर्ज. त्याने पासवर्ड मागितला. मी टाइप करू लागलो, तर पडद्यावर काहीच उमटेना. अक्षर नाही, तारा नाहीत, ठिपकाही नाही. कीबोर्ड बिघडला म्हणून मी तो उलटा करून झटकला. दोन शेंगदाणे पडले. भाचा म्हणाला, "दिसणार नाही मामा, तरी टाइप करत राहा." आंधळेपणाने टाइप केलं, एंटर मारलं. मशिनने कळवलं की कुलूप दुसऱ्याकडे आहे. कोण दुसरं? मशिनवर तर मी एकटा. पाठीमागे गुपचूप आपोआप अपडेट चाललं होतं म्हणे, आणि ते होईपर्यंत किल्ली त्याच्याकडे. किल्ली ज्याच्या खिशात तो जागेवर नाही, हा अनुभव मी काउंटरच्या आतून पुष्कळ दिला होता. बाहेरून प्रथमच घेतला.

अर्ध्या तासाने कुलूप सुटलं. मी "एनकर्सेस" एवढंच नाव लिहिलं. मशीन म्हणालं, असं पॅकेज सापडत नाही.

"अहो, नुसतं एनकर्सेस आर्चवाल्यांकडे चालतं," भाचा म्हणाला. "तुमचं लिनक्स डेबियनच्या घराण्यातलं. तुमच्याकडे लिब-एनकर्सेस-डेव्ह. फेडोरावाल्यांकडे एनकर्सेस-डेव्हेल."

म्हणजे वस्तू एकच, पण एका गावात देव आणि पलीकडच्या गावात डेव्हिल. नाव आधीच शाप! भाच्याच्या एका मित्राने तर मधेच पाचाचा आकडा घालायला सांगितलं होतं. हा त्याच्या कॉलेजच्या वेळचा पत्ता. सहावी आवृत्ती येऊन आता बरीच वर्षं झाली, 2015 साल होतं ते. एकाने विंडोजवरच करा असं सुचवलं. तिथे ही लायब्ररी मुळात घरची नाहीच, तिच्या जागी पीडीकर्सेस नावाची चुलत बहीण पाहावी लागते. मी देवाकडेच राहायचं ठरवलं.

या गोंधळात एक गोष्ट कळली आणि मी थक्क झालो. एनकर्सेस माझ्या मशिनवर आधीपासून होती! नॅनो हा एडिटर तिच्यावर चालतो, मशिनची नाडी दाखवणारा एचटॉप तिच्यावर चालतो, लिनक्सचं कर्नल जुळवणारे लोक ज्या निळ्या मेनूत रात्री घालवतात तोही तिच्याच आधाराने उभा राहतो.

"मग मी इन्स्टॉल काय करतोय?"

"होती ती चालवण्यापुरती, मामा. तुम्हाला तिच्यावर नवीन काही लिहायचंय, तर तिच्या हेडर फायली लागतात. त्या डेव्हमध्ये."

पैसे तुमच्या खात्यात आहेत, पण पासबुक छापणारं मशीन आज बंद आहे. पस्तीस वर्षं मी हे लोकांना सांगितलं. लोक काउंटरवरून हताश होऊन का परत जात, हे त्या दुपारी मला नीट समजलं.

देव प्रसन्न झाला. चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, कंपायलरला दिला. आता त्याला इनिट-एस-सी-आर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. याच नावाने तर प्रत्येक कर्सेस प्रोग्रॅमचा श्रीगणेशा होतो! लायब्ररी घरात आली तरी ती वापरायची आहे असं ओळीच्या शेवटी वेगळं लिहून द्यावं लागतं: हायफन, एल, एनकर्सेस. मी लिहून दिलं. नाकारलं. एलच्या जागी मी एकचा आकडा टाकला होता. दुरुस्त केलं. पुन्हा नाकारलं, कारण ते मी सुरुवातीला लिहिलं होतं आणि माझ्या मशिनला ते शेवटी हवं होतं. अर्जावर सही कुठे करायची याबद्दल हे मशीन आमच्या जुन्या मॅनेजरपेक्षा कडक निघालं.

आणि मग संध्याकाळी साडेसहाला चौकट उमटली! काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांची, चारही कोपरे नीट जुळलेले. मधे लुकलुकणारा कर्सर. एक क्षण मला लेजरच्या पानाचा वास आला. हिला हाक मारली. तिने पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. आत काय येणार?"

आत येणार होतं "दुधाचा हिशेब". मी ते मराठीत लिहिलं आणि चौकटीत शेणसडा पडावा तशी चिन्हं विखुरली. दूरध्वनीवरून निदान झालं: आपलं एकेक अक्षर साठवायला तीन बाइट लागतात. इंग्रजीच्या मापाने बसवायला गेलं की एका अक्षराचे तीन तुकडे होतात. यावर उपाय म्हणजे रुंद अक्षरांची एनकर्सेस-डब्ल्यू जोडायची आणि पडदा उघडण्याच्या आधी भाषा-प्रदेश जाहीर करायचा. तो एका ओळीत होतो. ही तिसरी की तेविसावी एक ओळ, याची मोजदाद मी सोडली होती.

आता अक्षरं आली, पण वऱ्हाड आल्यासारखी. पडद्याचा कायदा 1978 च्या व्हीटी-100 टर्मिनलच्या काळातला: प्रत्येक अक्षराला एक घर. आपल्याकडे मात्रेला घर द्यायचं की तिने व्यंजनाच्या ओसरीवर राहायचं, यावर लायब्ररीचं एक मत आणि टर्मिनलचं दुसरं. "हिशेब"मधली वेलांटी साठवली जाते ह च्या नंतर, दाखवायची असते आधी. माझ्या टर्मिनलला हा रिवाज ठाऊक नसल्याने ती ह ला सोडून श च्या अंगावर जाऊन बसली. वाचताना "हशिब"सारखं काहीतरी. घरांची बेरीज चुकल्याने चौकटीची उजवी रेघ त्या एकाच ओळीत दोन घरं आत सरकली, कुंपणाला म्हशीने धडक दिल्यासारखी.

"मामा, इंग्लिशमध्ये लिहा ना सरळ," भाचा म्हणाला.

"म्हैस मिरजेची आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

पुढचा प्रसंग रात्री साडेअकराचा. सरासरी काढताना मी कशाला तरी शून्याने भागलं आणि प्रोग्रॅम जागीच कोसळला. पडदा तसाच अर्धवट राहिला. बटणं दाबावीत तर काही उमटेना, एंटर मारावं तर ओळी जिन्यासारख्या तिरक्या उतरायला लागल्या. आपल्याकडे ऋषी शाप देतात, मग कुणीतरी पाय धरतं आणि त्यांना दया येऊन उःशाप मिळतो. कर्सेसमध्येही उःशाप आहे. त्याचं नाव एंडविन. पडद्याचा ताबा घेतलात तर जाताना एंडविन म्हणून तो परत करायचा. माझा प्रोग्रॅम उःशाप उच्चारायच्या आधीच गेला, आणि टर्मिनलची अहल्या झाली.

भाच्याला उठवलं. तो झोपेतच म्हणाला, "रिसेट असं टाइप करा. दिसणार नाही. एंटर मारा." काळ्याकुट्ट मुक्या पडद्यावर, न दिसणारी पाच अक्षरं मी श्रद्धेने टाइप केली. पडदा लखलखीत होऊन समोर आला. सत्यनारायणानंतर इतकं समाधान मला क्वचितच मिळालं असेल.

तीन आठवडे असे गेले. 31 तारखेला गवळी फाटकापाशी आला. मी लॅपटॉप घेऊनच बाहेर गेलो.

"साडेचव्वेचाळीस लिटर झालं, ताई," गवळी म्हणाला.

"थांबा," मी म्हणालो आणि प्रोग्रॅम चालवला. चौकट आली, वेलांटी चुकीच्या मांडीवर बसली, आणि खाली आकडा उमटला: 46.5. 31 दिवस गुणिले दीड. दूध कुठल्या दिवशी आलं नाही, हे मशिनला मी सांगितलंच नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं? मी इन्स्टॉल करत होतो.

गवळ्याने पडद्याकडे आदराने पाहिलं. "साहेबांच्या मशिनचं बरोबर असणार. माझाच काहीतरी घोळ झाला."

ही आत गेली आणि खिळ्यावरचं कालनिर्णय घेऊन आली. तीन चौकोनांत पेन्सिलीच्या फुल्या, एका चौकोनात "एक जास्त". बाकी सत्तावीस चौकोन कोरे.

"त्रेचाळीस," ती म्हणाली. गवळ्याने मान हलवली, पैसे मोजून घेतले आणि गेला. दोन मिनिटं.

"सत्तावीस दिवसांचं काहीच लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"त्या दिवशी ठरल्याप्रमाणे आलं. आलं ते रोज कशाला लिहायचं? बदललं तेवढंच लिहायचं. सासूबाई असंच करायच्या."

मी केन आर्नल्डचं नाव घेणार होतो, पण ती कॅलेंडर पुन्हा खिळ्यावर अडकवून आत गेली होती. मी जवळ जाऊन एक फुली नीट निरखून पाहिली. माझं एका ओळीचं काम तीन आठवडे चाललं होतं. तिच्या फुलीला दोन रेघा लागतात.