वल्ह्याचा जमाखर्च

(स्थळ : पुण्यातील एका जुन्या घराची ओसरी. वेळ : सकाळचे साडेआठ. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले काका वर्तमानपत्राआड दबा धरून बसले आहेत. शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहणारा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातील पुतण्या ओल्या चपला हातात धरून आत सटकण्याच्या बेतात आहे.)

काका : थांब. पहाटे पाच वाजता ज्या घरातून तू विनापरवाना निघून गेलास, त्याच घरात साडेआठला, अंगाला नदीचा वास आणि पोटऱ्यांना चिखल घेऊन परत येताना, मधल्या काळाचा लेखी नाही तरी निदान तोंडी खुलासा सादर करावा, असे तुला वाटत नाही काय?

पुतण्या : खुलासा करतो, काका, परंतु पुतण्याने काकांपुढे उभे राहताना जपून असावे, हा या शहराचा 1773 सालापासूनचा शिरस्ता असल्यामुळे प्रथम अभय असावे.

काका : दिले. बोल.

पुतण्या : संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब 1928 सालापासून चालू आहे, म्हणजे आपल्या जन्मापूर्वीपासून या गावातील भावी अभियंते काकांची झोपमोड करून नदीकडे जात आले आहेत. मी केवळ परंपरेचा पाईक.

काका : परंपरेला माझा विरोध नाही, परंतु काल तुझ्या टेबलाची मी सहज तपासणी केली, तेव्हा जर्नलची निम्मी पाने कोरी आणि उरलेल्या निम्म्यांवर ‘हजेरी अपुरी’ हा तांबड्या शाईचा शेरा आढळला. शिवाय गेल्या सत्रातली केटी आहेच, म्हणजे थकबाकी चालू सालात ओढलेली. हात पुढे कर पाहू. (तळहात उजेडाकडे वळवून) बोटांच्या मुळाशी चार घट्टे, त्यांतल्या एकाचे कातडे सुटलेले, त्यावर चिकटपट्टी... आणि पट्टीवर हे काय लिहिले आहेस?

पुतण्या : आजच्या ओरलची दोन सूत्रे. नावेत पाठ करावीत म्हणून लिहिली होती. एक पाठ झाले. दुसरे पाण्याने पुसले गेले.

काका : परीक्षक नेमके दुसरे विचारतील. बरे, ही जी शर्यत, तिला वेळ किती लागतो?

पुतण्या : अंतर दोन हजार मीटर. आठ जणांची उत्तम नाव सहा मिनिटांच्या आत ते कापते. एकट्याला सात-साडेसात लागतात.

काका : सात मिनिटांसाठी सबंध वर्षाचा सराव?

पुतण्या : परीक्षाही तीनच तासांची असते, काका.

काका : तिच्या तयारीलाही तू तीनच तास देतोस, तक्रार ती आहे. शिवाय परवा संगमाच्या पुलावरून मी स्वतः पाहिले की जिकडे जायचे तिकडे पाठ करून तुम्ही सगळे बसता! पुढे काय वाढून ठेवले आहे याची दखल न घेता मागे काय गेले तेवढेच न्याहाळीत जाण्याची ही रीत तू अभ्यासालाही लावली असावीस.

पुतण्या : तसे बसल्यावाचून पायांचा जोर लागत नाही. आसन चाकांवर सरकते. गुडघे दुमडून पुढे यायचे, वल्हे पाण्यात रोवायचे आणि मांड्यांनी रेटा देऊन मागे जायचे. पाहणाऱ्याला हातांचा खेळ वाटतो. जिना चढताना कळते की तो पायांचा आहे. आणि विद्येशी त्याचे वैर असते, तर ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांनी 1829 पासून ही शर्यत लावली नसती. तिच्या प्रवर्तकांपैकी एक, चार्ल्स वर्ड्‌स्वर्थ, हा कवी वर्ड्‌स्वर्थचा पुतण्या होता.

काका : पुतण्याच! तरी म्हटले, एवढा उपद्व्याप दुसऱ्या कोणत्या नात्याला सुचणार? निकाल तरी धड लागतात काय?

पुतण्या : बहुधा लागतात. 1877 साली मात्र दोन्ही नावा बरोबरीने पोहोचल्याचा निकाल जाहीर झाला.

काका : म्हणजे दावा उभयतांचा मंजूर, खर्च ज्याचा त्याने सोसावा. असे पुष्कळ निकाल मी नकलून काढले आहेत. पण ते लोक थेम्सच्या काठचे. आपल्याकडे एप्रिलात पिण्याच्या पाण्याची मारामार आणि नदीत जलपर्णी; वल्हे रोवावे कशात?

पुतण्या : दत्तू भोकनळ कुठले, ठाऊक आहे? नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातले.

काका : चांदवड? तिथे मी तीन उन्हाळे काढले आहेत. त्या तालुक्यात पाणी टँकरच्या नोंदवहीबाहेर मी पाहिले नाही!

पुतण्या : लष्करात गेल्यावर त्यांनी वल्हे हाती धरले, 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नावेत तेरावे आले आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून सुवर्णपदक आणले.

काका : (क्षणभर थांबून) हा मुद्दा तुझ्या बाजूने नोंदवतो. आता जमाखर्च मांड. नदीला किती?

पुतण्या : सायकलसकट साडेतीन तास. वर्ग आणि प्रयोगशाळा सात. संध्याकाळचा व्यायाम दोन. जेवणखाण, स्नान, येणेजाणे तीन. अभ्यास, आपल्यासमोर सांगायचा म्हणून, चार. झोप साडेसहा.

काका : बेरीज सव्वीस होते.

पुतण्या : वरचे दोन तास मी झोपेकडून उसने घेतो.

काका : परतफेड?

पुतण्या : वर्गात. शेवटच्या बाकावर.

काका : म्हणजे अग्रिम एका खात्यातून उचलायचा आणि वसुली दुसऱ्यावर टाकायची! यापायी तालुक्याचे तालुके चौकशीत अडकलेले मी पाहिले आहेत. मग सोडून का देत नाहीस?

पुतण्या : काका, वर्गात मी गेलो नाही तरी तास होतो, गुरुजी शिकवतात, फळा भरतो, घंटा होते. नदीवर मी गेलो नाही, तर पहाटे उठून आलेले सात जण नाव पाण्यात न घालता घरी जातात. माझ्यावाचून काही अडते असे ठिकाण मला आजवर ते एकच सापडले आहे.

काका : (चष्मा पुसत) माझ्यावाचून दप्तर ठप्प होईल, अशा समजुतीत मी हक्काची रजा साठवीत पस्तीस वर्षे काढली. निवृत्त झालो त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपूर्वीच माझ्या खुर्चीत दुसरा बसला, आणि एक कागददेखील अडला नाही. असो. पण आठ वल्ही म्हणतोस, आणि पुलावरून मला माणसे नऊ दिसली.

पुतण्या : नववा कॉक्स. तो वल्हवत नाही. आमच्याकडे तोंड करून बसतो, सुकाणू सांभाळतो आणि आठांना हुकूम सोडतो.

काका : मुळीच वल्हवत नाही?

पुतण्या : मुळीच नाही.

काका : नुसते हुकूम?

पुतण्या : आणि प्रसंगी खरडपट्टी.

काका : या पदाचा तर मला प्रदीर्घ अनुभव आहे! अटी काय?

पुतण्या : मोठ्या स्पर्धांतून किमान वजन पंचावन्न किलो, कमी भरल्यास तेवढा भार सोबत ठेवावा लागतो.

काका : मी त्रेपन्न भरतो. दोन किलोंची तूट तुझ्या पाठ्यपुस्तकांनी भरून काढू. त्या निमित्ताने ती निदान घराबाहेर तरी पडतील. आणि शर्यत जिंकल्यास?

पुतण्या : जिंकल्यास सगळे मिळून कॉक्सला उचलून पाण्यात फेकतात. जुना रिवाज आहे.

काका : त्या पाण्यात? आणि हरल्यास?

पुतण्या : हरल्यास तो कोरडा घरी येतो.

काका : (विचार करून) तर मग सरावही तुझ्या अभ्यासाच्याच धर्तीवर चालू दे. मी उद्या पाचला तयार असेन.