खेळाडूच्या पालकांचे संगोपन

लहान खेळाडूची वृत्ती पालकांनी घडवायची असते, असे सर्वत्र मानले जाते. गिरगावात त्याआधी पालकांची वृत्ती आवरावी लागते, आणि ते काम कोणाच्याच अखत्यारीत येत नाही. मुलाने चाळीच्या चौकात रबरी चेंडू एकदा सरळ बॅटने तटवला, की तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून वडिलांना थेट वानखेडे दिसू लागते. आजी दृष्ट काढते. मूल तोवर ‘एक टप्पी आऊट’वर भांडत असते.

पहिले शिक्षण घरात होते. जवळच्याच ताडदेवच्या चिखलवाडीत लहानग्या सुनील गावसकरला त्याची आई मीनल चेंडू टाकत असे. एकदा त्याचा सरळ फटका आईच्या नाकावर बसला, रक्त आले. तिने चेहरा धुतला आणि पुन्हा गोलंदाजी सुरू केली. तिने चेंडू माळ्यावर टाकला नाही. फटका किती सरळ होता हे सांगायला शेजाऱ्यांनाही गोळा केले नाही. बहुतेक पालक यांपैकी एक तरी करतात, काही दोन्ही करतात.

त्यानंतर पोशाखाचा प्रश्न येतो. गावसकरचे मामा, कसोटी यष्टिरक्षक माधव मंत्री यांच्याकडे भाच्याने भारताच्या चिन्हाचा स्वेटर मागितला. तो घाम गाळून मिळवावा लागतो, असे सांगून मामांनी नकार दिला. हल्ली शाळेच्या संघात निवड होण्याआधीच पाठीवर नाव आणि नंबर छापलेला असतो. घाम गाळतो तो किटची बॅग उचलणारा बाप.

खरी परीक्षा मैदानावर, आणि ती प्रेक्षकांची. स्क्वेअर लेगच्या दिशेला झाडाखाली उभ्या वडिलांना चेंडू लेग स्टंपबाहेर पडल्याचे स्वच्छ दिसते. समोर उभ्या अंपायरला तेवढे दिसत नाही. हा दृष्टीचा चमत्कार फक्त आपला मुलगा पायचीत असतानाच घडतो. मुलगा हे पाहत असतो. पुढच्या सामन्यात बाद झाल्यावर तोही खेळपट्टीकडे, मग बॅटकडे आणि शेवटी अंपायरकडे संशयाने पाहत परततो. ही वृत्तीही घरातूनच आलेली असते.

पालकांना सर्वांत जड जाते ते मुलाला खेळायलाच न मिळणे. फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकरने नाबाद 326 आणि विनोद कांबळीने नाबाद 349 धावा करून 664 धावांची अभेद्य भागी रचली. ती सर्वांना पाठ आहे. पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार पॅड बांधून बसून राहिला, हे पालकांच्या शिकवणीत क्वचितच येते. त्याला भारताकडूनही खेळायला मिळाले नाही. मात्र 2025 मध्ये भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता. आजचा पालक चहाच्या सुट्टीतच कोचला फोन लावतो, आणि आपला मुलगा किती शांत आहे हे फार मोठ्या आवाजात सांगतो.

पालकांनी आवाज चढवूच नये, असा याचा अर्थ नाही. गिरगावातच ‘नवाकाळ’कार नीलकंठ खाडिलकरांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन मुली बुद्धिबळ खेळत. 1976 मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि तिने तीन राज्यविजेत्यांना हरवले. तिच्या सहभागावरून वादंग माजले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी दिला. भांडण पटावर बसण्याच्या हक्कासाठी होते. तिथे बसल्यावर चुकलेल्या चालीला कोर्टात अपील नसते.

महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेची पहिल्या दशकातली विजेतेपदे या तिघींनीच आपसात वाटून घेतली. अशा घरात एका मुलीच्या पराभवानंतर प्रतिस्पर्धी मुलीबद्दल आणि तिच्या आईबापांच्या वळणाबद्दल बोलण्याची पालकांची कायमची गैरसोय होते.