शेठ बाहेरगावी आहेत

बर्डीच्या मेन रोडवर व्हरायटी चौकाकडून आत शिरलं की कपड्यांच्या कुठल्या ना कुठल्या दुकानात हे शेठ भेटतातच. समोर फुटपाथवर फेरीवाल्याचा बेल्टांचा ढीग, आत चार कॅमेरे. वर्षातून एकदा शेठ सहकुटुंब फिरायला जातात. म्हणजे कुटुंब जातं. शेठ बर्डीतच असतात, फक्त नागपुरात नसतात.

काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही हे कळताच त्यांनी विमानाच्या तिकिटांआधी पोस्टपेड करून घेतलं. दल सरोवरात शिकारा निघाला, समोर झबरवानचे डोंगर, आणि शेठ दोन बोटांनी स्क्रीन मोठी करून गल्ल्यावर कोण बसलंय ते न्याहाळतायत. "अबे, गिऱ्हाईक एक नाही अन् तिन्ही पंखे काऊन सुरू हायेत?" हे ऐकून शिकारावाल्यानेच वल्हं थांबवलं.

गुलमर्गला शेठाणी म्हणाल्या, "अहो, इकडे पाहा ना, बरफ पडून राहिला!"

"अन् तिकडे पाऊस पडून राहिला. बाहेर टांगलेला माल भिजते ना बाप्पा!"

पुढे गोंडोलात बसून वर गेले आणि रेंज गेली. चहूकडे हिमालय. शेठ हताश होऊन म्हणाले, "एवढे पैसे भरून वर आलो, अन् काहीच दिसून नाही राहिलं."

शेठ कंजूष आहेत असं समजू नका. हॉटेल उत्तम घेतात, वायफाय बघून. त्यांचे वडील यात्रेला निघाले की उधारीवाल्यांना 'शेठ बाहेरगावी आहेत' एवढंच उत्तर मिळायचं आणि नोकरांनाही तेवढे दिवस पाय पसरता यायचे. हल्ली नोकर डबा उघडतानाही कॅमेऱ्याकडे तोंड करून सांगतो, "जेवून राहिलो, शेठ."

यंदा मुलांनी हट्टाने ताडोबाला नेलं. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही. मोहर्ली गेटवर तो जमा करताना शेठचा चेहरा पोरगी सासरी धाडल्यासारखा झाला. वाघीण निघाली, दोन बछड्यांसह, जिप्सीच्या अगदी पुढ्यातून. शेठ घड्याळ बघत होते. बाहेर येताच त्यांनी फोन घेतला आणि हुकलेल्या वेळेचं रेकॉर्डिंग मागे नेऊन पाहिलं. बर्डीतली एक मोकाट गाय दुकानात शिरून पंख्याखाली निवांत उभी होती, आणि पोरगा तिला हात जोडून बाहेर चलायची विनंती करत होता.

आता कोणी "ताडोबात काय दिसलं?" असं विचारलं की शेठ उत्साहाने मोबाईल काढतात आणि गाय दाखवतात.